फ्रेडी 'आपला' कधी होतो?

५ सप्टेंबर जवळ आला की आमच्या वाईच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिक्षक दिनाच्या गुलाबांबरोबर एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो हमखास फिरतो. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतल्या पोरांचा बँड आणि त्यात दात पुढे आलेला एक सडपातळ मुलगा. खाली लिहिलेलं असतं, जगातला सगळ्यात मोठा रॉकस्टार आपल्या पाचगणीत शिकला, अभिमान असेल तर पुढे पाठवा. कारण त्याच दिवशी क्वीन ह्या इंग्लंडच्या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी ह्याचा वाढदिवस असतो. मग दरवर्षी तीच चर्चा सुरू होते. एकजण म्हणतो आपल्या मातीतलं पोरगं, दुसरा म्हणतो कसलं आपलं, त्याने नावसुद्धा बदललं, आणि तिसरा, जो चांगलं पेटी वाजवतो आणि ज्याचं गाणं मला मनापासून आवडतं, तो म्हणतो अरे पॉप ते, त्यात कसला आलाय रियाज, चार दिवस वाजतं आणि जातं.

मी दरवर्षी दोन ओळी लिहून गप्प बसतो, यावर्षी नीट लिहायचं ठरवलं, कारण मला वाटतं ह्या तिघांचंही काहीतरी चुकतंय आणि तिघांचं उत्तर एकच आहे.

आधी 'आपल्या मातीतलं' हे बघू. फ्रेडी, म्हणजे मूळचा फारुख बलसारा, जन्मला १९४६ साली, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर. आईवडील पारशी, आडनाव बलसार गावावरून आलेलं, म्हणजे आत्ताचं गुजरातमधलं वलसाड. वडील झांझिबारला ब्रिटिश सरकारच्या नोकरीत, कोर्टात कॅशियर. आठ वर्षांचं पोरगं बोटीने मुंबईला आणि तिथून घाट चढून बोर्डिंगात पाचगणीला. शाळेत त्याचं फ्रेडी झालं. १९६४ ला झांझिबारमधे क्रांती झाली, तिथले अरब आणि भारतीय वंशाचे लोक जीव मुठीत धरून बाहेर पडले, त्यात हे कुटुंबही इंग्लंडला गेलं, हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टममधे. तेव्हा फ्रेडी सतरा वर्षांचा होता. आता सांगा, ह्याची माती कुठली? झांझिबारवाले म्हणतात आमचा, पारशी समाज म्हणतो आमचा, गुजरात म्हणू शकतं आमचा, इंग्लंड तर म्हणतंच. पाचगणीने त्याची सातआठ वर्षं सांभाळली हे खरं आणि ते छोटं नाही, पण रक्त आणि जमीन ह्या मापाने मोजायला गेलं तर तो कुणाच्याच सातबाऱ्यावर पूर्ण बसत नाही.

नाव बदलल्याचा राग करणाऱ्यांना मला एवढंच सांगायचंय की तो काळ बघा. १९६८ मधे इनॉक पॉवेल नावाचा खासदार बर्मिंगहॅममधे भाषण करून सांगत होता की बाहेरून आलेल्या ह्या लोकांमुळे देशात रक्त सांडेल, आणि त्याला रस्त्यावर उघड पाठिंबा मिळत होता. त्या लंडनमधे एक सावळा, दात पुढे असलेला मुलगा आर्ट कॉलेजात शिकतोय, केन्सिंग्टन मार्केटमधे जुने कपडे विकतोय, आणि त्याला गोऱ्या पोरांच्या बँडच्या पुढे उभं राहून गायचंय. त्याने नाव का बदललं हे त्याच्या मनात शिरून मी सांगू शकत नाही. पण ज्यांना कधी स्वतःच्या आडनावामुळे भाड्याने खोली नाकारली गेली असेल त्यांनी तरी त्याला ह्यावरून बोल लावू नये. आणि तो गेला तेव्हा लंडनमधे त्याचे अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंनी केले, त्यांच्या जुन्या प्रार्थना म्हणत. म्हणजे घर सुटलं नव्हतंच.

आता तिसरा मुद्दा, पॉपमधे कसला रियाज. हा मला सगळ्यात जास्त लागतो कारण तो फक्त फ्रेडीबद्दल नाही, आपल्याकडे गाण्याकडे बघायची सवयच तशी आहे. शास्त्रीय म्हणजे खरं, नाट्यसंगीत आणि भावगीत म्हणजे चालेल, आणि बाकीचं म्हणजे पोरांचा टाइमपास.

बोहेमियन ऱ्हॅप्सडी घ्या. क्वीनचं १९७५ चं गाणं, ५ मिनिटं ५५ सेकंद. सुरुवातीला नुसते आवाज एकावर एक, मग पियानोवर एक कबुली, मग गिटार, मग अचानक ऑपेरा, मग जोरदार रॉक आणि शेवटी परत शांत. ह्या गाण्याला धृपदच नाहीये! परत परत येणारी ओळ हा पॉपचा पाया असतो, लोकांच्या तोंडात तीच बसते, आणि हा माणूस ती काढूनच टाकतो. मधल्या ऑपेराच्या भागासाठी फ्रेडी आणि बँडमधले ब्रायन मे आणि रॉजर टेलर हे तिघेच जवळजवळ तीन आठवडे गात होते, एक आवाज रेकॉर्ड करायचा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, असे थर चढवत चढवत टेप इतकी घासली गेली की तिच्यातून आरपार उजेड दिसायला लागला. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, कापा आणि जोडा म्हणजे खरंच ब्लेडने टेप कापायची आणि चिकटवायची. कंपनीचे लोक म्हणाले एवढं लांब गाणं रेडिओ लावणार नाही. लंडनच्या केनी एव्हरेट ह्या रेडिओवाल्याने एका वीकेंडला ते चौदा वेळा लावलं आणि पुढे ते ब्रिटनमधे सलग नऊ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. ह्याला रियाज म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? तंबोरा घेऊन पहाटे बसणं हा रियाज आहेच, पण एका पाच मिनिटांच्या गोष्टीसाठी तीन आठवडे घसा झिजवणं हा पण रियाजच आहे.

आवाजाचं बोलायचं तर २०१६ मधे युरोपातल्या काही संशोधकांनी त्याच्या गाण्यांचा आणि मुलाखतींचा अभ्यास केला, त्यात असं निघालं की बोलताना त्याचा आवाज मुळात खालच्या पट्टीतला, बॅरिटोन, पण गायचा मात्र बहुतेक वरच्या पट्टीत. त्याचा आवाज नेहमीच्या गायकांपेक्षा जास्त वेगाने थरथरायचा, आणि तो थरथराट थोडा अनियमित पण होता, म्हणून त्याच्या सुरात एक अस्वस्थपणा ऐकू येतो जो कॉपी करता येत नाही. त्याच्या तोंडात चार दात जादा होते, तेच पुढचे दात ढकलत होते. पैसे आल्यावर सहज काढून टाकता आले असते पण आवाज बदलेल ह्या भीतीने त्याने काढले नाहीत. शाळेत ज्यावरून चिडवायचे ते आयुष्यभर तोंडात ठेवलं, गाण्यासाठी.

पण खरं सांगू का, चांगला आवाज खूप जणांकडे असतो. फ्रेडीची मोठी कला वेगळीच होती आणि तिच्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. १९७७ मधे इंग्लंडच्या स्टॅफर्डजवळ बिंगली हॉलमधे क्वीनचा कार्यक्रम झाला. कार्यक्रम संपला, बँड आत गेला, आणि लोक घरी जायच्याऐवजी सगळे मिळून फुटबॉलच्या मैदानावर म्हणतात ते गाणं म्हणायला लागले. दुसऱ्या एखाद्या बँडला वाटलं असतं, वा, लोक खूष आहेत. ह्यांनी विचार केला की ह्या लोकांना गायचंय, तर आपण त्यांच्यासाठी गाणं का करू नये? ब्रायन मेने वुई विल रॉक यू लिहिलं आणि फ्रेडीने वुई आर द चॅम्पियन्स. पहिलं रेकॉर्ड करताना ड्रम वापरलाच नाही, स्टुडिओ आधी चर्च होतं तिथे फळ्यांवर पाय आपटले आणि टाळ्या वाजवल्या, दोन पाय एक टाळी, दोन पाय एक टाळी, आणि तेच ध्वनी थोड्या थोड्या अंतराने एकमेकांवर असे रचले की हजार माणसं आपटतायत असं वाटावं. गाण्यातच प्रेक्षकांसाठी पाट मांडून ठेवलाय. आज साताऱ्याच्या एखाद्या शाळेत ऑफ तासाला पोरं बाकावर दोनदा हात आपटून एक टाळी वाजवतात, त्यांना ना क्वीन माहीत ना इंग्लंड माहीत, पण हात बरोबर पडतो.

आपल्याकडे शाहिराच्या मागे झीलकरी असतात, कीर्तनात बुवा चरण सोडतात आणि टाळकरी तो उचलतात, गोंधळात पण तसंच. झील धरणारा नसेल तर शाहीर कितीही चांगला असला तरी पोवाडा उभा राहत नाही. फ्रेडीने अख्ख्या स्टेडियमला झीलकरी केलं. १३ जुलै १९८५, लंडनच्या वेम्बली स्टेडियममधलं लाइव्ह एड, इथियोपियातल्या दुष्काळासाठी मदत जमवायचा कार्यक्रम. सत्तर हजारांवर माणसं समोर, संध्याकाळ झाली तरी लख्ख उजेड म्हणजे लाइटची जादू नाही, प्रत्येकाला साधारण वीस मिनिटं. लोक काही क्वीनसाठी तिकीट काढून आले नव्हते. क्वीनने त्या वीस मिनिटांची आधी थिएटर घेऊन घड्याळ लावून तालीम केली होती. आणि दोन गाण्यांच्या मधे फ्रेडीने नुसता एक सूर टाकला, शब्द नाही, अर्थ नाही, एऽऽओ, आणि ते सत्तर हजार लोक परत तोच सूर देतात, मग तो थोडा वर नेतो, ते वर जातात, तो वळण घेतो, ते वळतात. मी हा व्हिडिओ किती वेळा बघितला असेल सांगता येणार नाही. पेटीवाल्या मित्राला माझा प्रश्न आहे की गुरू शिष्याला समोर बसवून सूर घोटून घेतो तेव्हा आपण हात जोडतो, मग हे काय वेगळं आहे? फक्त शिष्य सत्तर हजार होते आणि वेळ मिनिटभर होता.

पुढच्याच वर्षी बुडापेस्टला कार्यक्रम होता, तेव्हा तिकडे कम्युनिस्ट राजवट, पाश्चात्त्य बँड असा स्टेडियममधे येणं मोठी गोष्ट. तिथे त्याने हंगेरीचं लोकगीत म्हटलं, त्यांच्या भाषेत. शब्द पाठ नव्हते म्हणून तळहातावर लिहून आणले होते, बघून बघून गात होता आणि अख्खं स्टेडियम त्याच्याबरोबर गात होतं. मला हा प्रसंग लाइव्ह एडपेक्षाही जास्त आवडतो. झांझिबारला जन्मलेला, पाचगणीत वाढलेला, इंग्लंडात नाव बदललेला माणूस परक्या लोकांचं गाणं तळहातावर लिहून आणतो आणि ते लोक त्याला आपला मानतात. आपलं होण्याचा हा एक रस्ता त्याला नक्की माहीत होता.

त्याचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. १९८४ मधे वर्णभेद चालू असताना क्वीनने दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला कार्यक्रम केले, जगभरचे कलाकार बहिष्कार टाकत होते तेव्हा. त्यावर टीका झाली आणि ती बरोबरच होती. स्वतः सावळ्या रंगाचं ओझं वाहिलेल्या माणसाने तिथे जायला नको होतं असं मला आजही वाटतं, आणि चाहता म्हणून ते लपवण्यात मला काही अर्थ दिसत नाही. आजाराचं मात्र मी वेगळं धरतो. एड्स झाल्याचं त्याने २३ नोव्हेंबर १९९१ ला जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला, पंचेचाळीस वर्षांचा. काही जण म्हणतात आधी सांगितलं असतं तर जनजागृती झाली असती. पण घराबाहेर वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर त्याच्या मरणाची वाट बघत उभे, त्या काळात त्या रोगाचं नाव निघालं की माणसं हात मिळवायला घाबरायची, आपल्याकडे तर हॉस्पिटलातून पेशंट परत पाठवायचे. अशा वेळी एखाद्याला शेवटची वर्षं फक्त गाण्यासाठी ठेवावीशी वाटली तर तो त्याचा हक्क होता. आणि ती त्याने खरंच गाण्यासाठी ठेवली, चालणं कठीण झालं होतं तरी स्टुडिओत उभा राहून द शो मस्ट गो ऑन गायला. ते ऐका आणि सांगा आजारी माणसाचा आवाज आहे का. तो गेल्यावर बोहेमियन ऱ्हॅप्सडी परत काढलं, ते परत पहिल्या नंबरवर गेलं आणि ते पैसे एड्सच्या पेशंटसाठी काम करणाऱ्या ट्रस्टला गेले. एप्रिल १९९२ मधे वेम्बलीलाच त्याच्या आठवणीत मोठा कार्यक्रम झाला आणि त्यातून त्याच्या नावाचा ट्रस्ट उभा राहिला, तो आजही ह्या रोगाविरुद्ध काम करतो. सरकारी जाहिराती वाचून न बदललेली कितीतरी पोरं फ्रेडीमुळे ह्या रोगाकडे माणसासारखं बघायला शिकली, त्यातला एक मी आहे.

चार दिवस वाजतं आणि जातं म्हणणाऱ्यांसाठी अजून एक. २०१७ मधे लंडनच्या हाइड पार्कमधे ग्रीन डे ह्या दुसऱ्याच बँडचा कार्यक्रम होता. तो सुरू व्हायच्या आधी स्पीकरवर सहज बोहेमियन ऱ्हॅप्सडी लावलं. स्टेजवर कोणीही नाही. आणि पासष्ट हजार लोकांनी ते अख्खं म्हटलं, ऑपेराचा भाग, गिटारचा भाग पण तोंडाने, शेवटच्या हळू ओळीपर्यंत. त्यात कितीतरी पोरं अशी की फ्रेडी गेल्यावर जन्मलेली. ज्याला धृपद नाही ते गाणं, बेचाळीस वर्षांनी, गाणारा नसताना. स्वित्झर्लंडमधे जिनिव्हाच्या सरोवरावर माँत्रू गावात त्याचा पुतळा आहे, लोक फुलं ठेवतात, तेही छान आहे, पण मला विचाराल तर त्याचं खरं स्मारक ती हाइड पार्कची सहा मिनिटं.

म्हणूनच पाचगणीत त्याचा पुतळा बसवा, चौकाला नाव द्या असं कुणी म्हणलं की मी गप्प राहतो. शाळेच्या नात्याने हक्क सांगायचा असेल तर शाळेने काय केलं ते आधी बघायला पाहिजे. त्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या लक्षात आलं की ह्या पोराला गाण्याचं अंग आहे, त्यांनी झांझिबारला आईवडिलांना पत्र लिहिलं की थोडी फी जास्त पडेल पण ह्याला पियानो शिकवूया. आईवडिलांनी हो म्हटलं. तो चौथ्या ग्रेडपर्यंत पियानो शिकला, शाळेच्या कॉयरमधे गायला, नाटकात उभा राहिला, बारा वर्षांचा असताना मित्रांबरोबर हेक्टिक्स नावाचा बँड काढला. बस एवढंच. एक लक्ष, एक पत्र, थोडी जादा फी.

आणि आपण काय करतो? माझ्या शाळेत आठवड्याला संगीताचा एक तास होता, तोही सहामाही जवळ आली की गणिताला द्यायचे आणि दहावीला तर बंदच. पेटी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली ऑफिसात. वर्गात एक मुलगा होता जो कुठलंही गाणं एकदा ऐकून बाकावर अख्खा ठेका वाजवून दाखवायचा, त्याला त्यासाठी दर आठवड्याला वर्गाबाहेर उभं करायचे. माझ्या भाचीच्या शाळेत आज स्मार्ट बोर्ड आहेत, संगीताच्या सर बाईंची जागा रिकामी. फोटो पुढे पाठवायला आपल्याला अर्धा सेकंद लागतो. त्याऐवजी ग्रुपवरच्या चाळीस जणांनी मिळून एका झेडपी शाळेत दोन पेट्या आणि एक ढोलकी दिली, कपाटाला कुलूप न लावायच्या अटीवर, आणि एका शिक्षकाचं वर्षाचं मानधन काढलं तर ५ सप्टेंबरला शिक्षक दिन आणि फ्रेडीचा वाढदिवस दोन्ही साजरे होतील. मी माझा वाटा देतो, ग्रुपवर पण लिहिलंय.

मला स्वतःला तो पाचगणीचा हे कळलं खूप नंतर, नोकरीला लागल्यावर. त्याच्याआधीची एक गोष्ट आहे. १९९७ चा पावसाळा संपत आला होता, आम्ही अकरावीची पोरं टेबललँडला जाऊन संध्याकाळच्या एसटीने परत वाईला येत होतो. पसरणी घाटात धुकं, गाडी अगदी हळू, सगळे कंटाळलेले. मागच्या सीटवर कुणीतरी सुरू केलं, दोन पाय एक टाळी. गाडीच्या पत्र्याचा तो आवाज, एका वळणात पाच जण, दुसऱ्या वळणात सगळी पोरं, इंग्रजी शब्द कुणालाच धड येत नव्हते, जे ऐकू आलं होतं तेच सगळे ठोकून म्हणत होतो. पुढे बसलेल्या आज्जींच्या मांडीवरचा नातू पण टाळीला टाळी द्यायला लागला. आता कंडक्टर ओरडणार म्हणून आम्ही थोडे दबलो, तर ते दांड्याला टेकून उभे होते आणि हातातल्या तिकिटाच्या पंचने दांड्यावर तिसरा ठोका देत होते, अगदी बरोबर जागेवर.